कनिष्ठ विश्वचषकातली मुलं सीनियर संघात किती टिकतात?

डावा_हाफ

२०२५ च्या चेन्नई-मदुराईच्या कनिष्ठ (२१ वर्षांखालच्या) हॉकी विश्वचषकात भारताने अर्जेंटिनाला ४-२ ने हरवून कांस्य घेतलं. ०-२ ने मागे असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल! तेव्हापासून जो तो म्हणतोय की लॉस एंजलिस २०२८ ही पिढी गाजवणार. मुलं गुणी आहेत यात वाद नाही. पण मागच्या पिढ्यांचं पुढे काय झालं ते आधी मोजून बघू, मग बोलू.

२००१, होबार्ट. अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर ६-१. गगन अजितसिंग कर्णधार. दीपक ठाकूर, प्रभज्योत, जुगराज असा भरगच्च संघ. तीन वर्षांनी अथेन्सला आपण सातवे आलो आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर पात्रही ठरलो नाही.

२०१६, लखनऊ. बेल्जियमला २-१ ने हरवून विजेतेपद, गोल गुरजंत आणि सिमरनजीतचे. त्या १८ जणांपैकी टोकियोच्या कांस्यविजेत्या संघात हरमनप्रीत, मनदीप, वरुण, नीलकांत, सुमित, गुरजंत आणि सिमरनजीत असे सात जण होते. जर्मनीविरुद्धच्या ५-४ मध्ये सिमरनजीतचेच दोन गोल. लखनऊचा कर्णधार हरजीतसिंग मात्र त्या यादीत नव्हता.

२०२१, भुवनेश्वर. चौथा क्रमांक, फ्रान्सकडून एकाच स्पर्धेत दोनदा हार. त्या संघातले पॅरिसला गेले दोघे: विवेक सागर प्रसाद आणि संजय. त्यातही विवेक आधीच टोकियो खेळून आला होता. म्हणजे नवा चेहरा एकच.

२०२३, क्वालालंपूर. पुन्हा चौथे. कर्णधार उत्तम सिंग.

एका पिढीतून सात आणि पुढच्या पिढीतून दोनच, एवढा फरक का पडला? नुसतं 'गुणवत्ता कमी होती' हे मला पटत नाही.

---

रिव्हर्सस्टिक

चांगला धागा. माझ्या मते दोन कारणं आहेत आणि दोन्ही मैदानाबाहेरची.

पहिलं कारण लीग. २०१६ च्या मुलांना १८-२१ या वयात हॉकी इंडिया लीग मिळाली. २०१३ ते २०१७ असे पाच हंगाम झाले. मनदीप रांची ऱ्हायनोजकडून खेळला, हरमनप्रीत दबंग मुंबईकडून. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, जर्मनीचे खेळाडू रोज सरावात समोर. २०१७ नंतर लीग बंद पडली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये राउरकेलात सुरू झाली. २०२१ च्या मुलांच्या वाट्याला त्या वयात कोविडची बंद शिबिरं आली, लीगचा एकही सामना नाही. २०२३ वाल्यांनाही विश्वचषकाआधी लीग मिळाली नाही.

दुसरं कारण रिकाम्या जागा. ऑलिंपिकचा संघ १६ चा. कनिष्ठ विश्वचषक आता दोन-दोन वर्षांनी होतो, म्हणजे दोन ऑलिंपिकांच्या मध्ये दोन तुकड्या, साधारण ३६ मुलं. टोकियोनंतर रूपिंदर आणि लाक्रा निवृत्त झाले, पण कणा तसाच राहिला: श्रीजेश, मनप्रीत, हरमनप्रीत, हार्दिक, मनदीप, ललित, रोहिदास. जिंकणारा संघ कोणताही प्रशिक्षक उगाच मोडत नाही.

आता वयं बघा. जुलै २०२८ मध्ये मनप्रीत ३६, मनदीप ३३, हरमनप्रीत ३२, हार्दिक २९, विवेक २८. श्रीजेश आणि ललित तर थांबलेच. जागा रिकाम्या होणार आहेत आणि लीग परत आली आहे. म्हणून २०२५ च्या तुकडीचं भविष्य २०२१ पेक्षा २०१६ च्या जवळ जाईल असं मला वाटतं. चार-पाच जण नक्की.

---

टर्फवरून

@रिव्हर्सस्टिक, लीगचा मुद्दा अर्धाच मान्य. लीगच्या नियमानुसार २०२४-२५ च्या हंगामात २४ च्या ताफ्यात चार कनिष्ठ खेळाडू घ्यावेच लागले, हे चांगलं. पण ताफ्यात असणं वेगळं आणि चौथ्या क्वार्टरमध्ये एका गोलची आघाडी असताना मैदानावर असणं वेगळं. काही संघ कनिष्ठ मुलाला दर क्वार्टरला दोन-तीन मिनिटं आत पाठवतात, तेही चेंडू समोरच्या संघाच्या अर्ध्यात असताना. त्यातून तो फारसं शिकत नाही.

शिवाय हंगाम महिन्याभराचा. २८ डिसेंबर २०२४ ते १ फेब्रुवारी २०२५, एका संघाला दहाएक सामने. नेदरलँड्स-जर्मनीतला १९ वर्षांचा मुलगा क्लबकडून महिनोन् महिने दर आठवड्याला सीनियर आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या समोर उभा असतो. रविवारी चूक केली की पुढच्या रविवारी सुधारायची. आपल्याकडे चूक जानेवारीत होते आणि तेवढ्याच दर्जाचा पुढचा सामना पुढच्या जानेवारीत.

ही दरी आज भारत 'अ' (सीनियरच्या खालोखालचा संघ) चे दौरे आणि प्रो लीगच (राष्ट्रीय संघांची दरवर्षीची आंतरराष्ट्रीय लीग) भरून काढू शकतात. जुलै २०२५ मध्ये 'अ' संघ युरोपात गेला होता. तसे दौरे वर्षाला दोन तरी हवेत, आणि त्यात ३० वर्षांचे अनुभवी परत आणण्यापेक्षा २०-२२ ची मुलं जास्त हवीत.

---

डावा_हाफ

अजून एक गोष्ट नीट बघण्यासारखी. २०१६ च्या सात जणांपैकी हरमनप्रीत लखनऊच्या आधी रिओ ऑलिंपिक खेळला होता. मनदीप तर २०१३ पासून सीनियर संघात. विवेक सागरचं सीनियर पदार्पण जानेवारी २०१८ मध्ये, १७ व्या वर्षी, म्हणजे कनिष्ठ विश्वचषकाच्या जवळजवळ चार वर्षं आधी. जे खरोखर वर जातात त्यातले बरेच कनिष्ठ स्पर्धा गाजवण्यापूर्वीच सीनियर शिबिरात पोचलेले असतात.

त्या हिशेबाने आताच्या तुकडीत अराइजीत हुंदल आणि गुरजोत पुढे आहेत. दोघेही २०२४ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत, हुलुनबुइरला, सीनियर संघात होते. २०२३ चा कर्णधार उत्तमसुद्धा. मस्कतच्या कनिष्ठ आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर ५-३, त्यात अराइजीतचे चार गोल. पण मला ते चार गोल दुय्यम वाटतात. सीनियर शिबिरात त्याला परत परत बोलावलं जातं का, याकडे माझं लक्ष आहे.

---

खडकी_मैदान

उलटी बाजूही मांडतो. कनिष्ठ विश्वचषक हा एकच दरवाजा नाही. हार्दिक सिंग लखनऊच्या संघात नव्हता. २०२३ मध्ये तो एफआयएचचा (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा) वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अभिषेक आणि सुखजीत कनिष्ठ विश्वचषक खेळलेच नाहीत. दोघांचं सीनियर पदार्पण २०२२ मध्ये आणि २०२४ ला पॅरिसचं पदक गळ्यात.

अभिषेकचा जन्म ऑगस्ट १९९९ चा. २०२१ च्या स्पर्धेसाठी जन्मतारखेची मर्यादा होती १ जानेवारी २०००. साडेचार महिन्यांनी हुकला. २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षांची फट पडली आणि १९९८-९९ ला जन्मलेली मुलं तिच्यात सापडली. लखनऊच्या वेळी ती १७-१८ ची होती, म्हणजे २१ वर्षांच्या मुलांशी स्पर्धा, आणि भुवनेश्वरपर्यंत वय निघून गेलं. म्हणून 'कनिष्ठ संघात नव्हता, म्हणजे संपला' असं कुणाही मुलाबद्दल बोलू नये.

---

पॅड_आणि_किकर

गोलरक्षकांबद्दल वेगळं लिहितो, कारण त्यांचा हिशेब सगळ्यात कठीण आहे.

कनिष्ठ विश्वचषकात संघात दोन गोलरक्षक असतात. ऑलिंपिकच्या १६ त आपण एकच नेतो, दुसरा राखीव. कृष्ण पाठक लखनऊच्या विजेत्या संघात होता. टोकियो आणि पॅरिस दोन्ही वेळा तो राखीव राहिला, कारण पुढे श्रीजेश. श्रीजेशचं सीनियर पदार्पण २००६ मध्ये, पण संघाचा पहिला गोलरक्षक म्हणून तो स्थिरावला त्यानंतर चार-पाच वर्षांनी. पुढे ३३६ सामने खेळून ३६ व्या वर्षी थांबला. त्यानंतर पाठक आणि आपला मुंबईचा सूरज करकेरा पुढे आले. २०२५ चा राजगीरचा आशिया चषक त्या दोघांनीच सांभाळला.

तेव्हा २०२५ च्या कनिष्ठ संघाचे गोलरक्षक प्रिन्सदीप सिंग किंवा बिक्रमजित २०२८ ला दिसले नाहीत तर 'वाया गेले' म्हणू नका. गोलरक्षक २५-२६ ला पिकतो. बेल्जियमविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शूटआउटला (बरोबरीनंतर एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) प्रिन्सदीपने जो संयम दाखवला तो मोठा गुण. खेळाडू २३ मीटर रेषेवरून निघतो, हातात ८ सेकंद. कच्चा गोलरक्षक तिसऱ्या सेकंदाला जमिनीवर आडवा होतो आणि सीनियर आघाडीपटू नेमकी त्याचीच वाट बघत असतो. जो पायांवर उभा राहून, काठी खाली ठेवून समोरच्याला रुंदीकडे ढकलतो आणि सहाव्या-सातव्या सेकंदाला निर्णय घ्यायला लावतो, तो टिकतो.

सीनियर पातळीवर कनिष्ठ गोलरक्षक कुठे उघडे पडतात ते सांगतो.

सगळ्यात आधी, वाचवलेला चेंडू जातो कुठे? कनिष्ठ सामन्यात पॅडला लागून समोर पडलेला चेंडू बचावपटू उचलतात. सीनियरमध्ये तिथे आघाडीपटू काठी टेकवून उभा असतो. किकरने (गोलरक्षकाच्या पायातल्या जाड बुटाने) चेंडू गोलच्या कडेला, डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर घालवलाच पाहिजे. डाव्या पायाने तो तितक्याच जोरात काढता येतो का, हे मी पहिल्यांदा बघेन. बहुतेक मुलांचा डावा किकर अर्धाच चालतो.

मग डिफ्लेक्शन. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. डीच्या टोकावरून आलेला फटका गोलपासून तीन मीटरवर काठीने वळवला तर हाताची प्रतिक्रिया पुरत नाही. शरीर आधीच योग्य जागी असावं लागतं. ही जागा निवडण्याची समज सामने खेळूनच येते, आणि सामने तर पहिल्या गोलरक्षकालाच मिळतात. दुसऱ्याने काय करायचं? देशांतर्गत स्पर्धेत जो संघ त्याला पूर्ण ६० मिनिटं देईल तिकडे जायचं, संघ कमी नावाचा असला तरी.

---

कॉर्नर_नं_१

ड्रॅग फ्लिकरबद्दल, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू काठीने ओढून गोलवर फेकणाऱ्यांबद्दल. रोहित, शारदानंद तिवारी, अनमोल एक्का अशी तीन नावं आत्ता चर्चेत आहेत. बेल्जियमविरुद्धच्या २-२ मध्ये आपले दोन्ही गोल रोहित आणि शारदानंदचे.

आधी रांग समजून घ्या. सीनियर संघात हरमनप्रीत (पॅरिसमध्ये १० गोल, स्पर्धेत सर्वाधिक), धाकटा जुगराज (होबार्टचा नव्हे), रोहिदास. १६ च्या संघात दोन, फार तर तीन फ्लिकर बसतात आणि ते सगळे आधी बचावपटू म्हणून पास व्हावे लागतात. फक्त कॉर्नर मारणारा मुलगा कोणी घेत नाही. म्हणून नव्या फ्लिकरला तीन कामं चोख यायला हवीत: एकास एक स्थितीत उलट्या काठीच्या बाजूने न घसरता टॅकल, दबावाखाली ४०-५० मीटरचा एरियल (हवेतून उंच) पास, आणि कार्ड न घेता बचाव. हिरव्या कार्डाला दोन मिनिटं, पिवळ्याला किमान पाच. तेवढा वेळ संघ दहा जणांवर आणि कॉर्नर मारणाराही बाहेर.

आता फ्लिककडे. कनिष्ठ पातळीवर वेगावर गोल होतात. ताशी १०० च्या वर चेंडू गेला की बऱ्याच वेळा काम झालं. सीनियरला तीन गोष्टी बदलतात.

एक, पहिला रशर, म्हणजे कॉर्नर सुरू होताच गोलरेषेवरून धावत सुटणारा बचावपटू. तो थेट फ्लिकरच्या रेषेत धावतो आणि निम्मा कोपरा झाकूनच टाकतो. सीनियर रशर वेगाने येतो आणि भीत नाही. म्हणजे चेंडू ओढायला सुरुवात केल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ कमी हवा.

दोन, व्हिडिओ. प्रतिस्पर्ध्याकडे तुमच्या मागच्या ३०-४० कॉर्नरच्या चित्रफिती असतात. पुढचा पाय टेकताना खांदा कुठे वळतो यावरून दिशा ओळखतात. त्यामुळे एकाच धावेतून निदान तीन जागा साधता यायला हव्यात: गोलरक्षकाच्या डाव्या हाताला वर, उजव्या बाजूला खाली, आणि पायांमधून किंवा पॅडच्या कडेने. शिवाय चेंडू शेजारी सरकवून दुसऱ्याने मारायची एक चाल.

तीन, साखळी. इंजेक्टर खांबापासून १० मीटरवरच्या खुणेवरून चेंडू ढकलतो, ट्रॅपर डीबाहेर थांबवतो, मग फ्लिक. इंजेक्शन संथ गेलं किंवा ट्रॅप हातभर सरकला की फ्लिकरची पावलं चुकतात आणि लोक मात्र फ्लिकरला नावं ठेवतात. कनिष्ठ संघातल्या मुलाचा इंजेक्टर आणि ट्रॅपर वर्षभर तेच असतात. सीनियर शिबिरात तिघेही नवे. पहिल्या सहा महिन्यांत यश घसरलं तर घाबरायचं कारण नाही.

तंत्रातली एक खोड मात्र आधीच काढावी लागते. पुढचा डावा पाय चेंडूच्या फार जवळ किंवा मागे टेकला की ओढ तोकडी होते आणि सगळा जोर कमरेतून काढला जातो. डावा पाय चेंडूच्या पुढे, पंजा साधारण लक्ष्याच्या दिशेने, गुडघा वाकलेला. चेंडू काठीच्या खालच्या वळणात बसलेला, काठी जमिनीला जवळजवळ समांतर. आधी नितंब फिरतात, मग धड, मग हात, शेवटी मनगट. हा क्रम उलटला की वेगही जातो आणि पाठही.

---

सांधे_स्नायू

पाठीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या मते गुणी फ्लिकर आणि वेगवान मुलं हरवण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे आणि त्यावर सर्वात कमी बोललं जातं.

१४ ते १९ या वयात कमरेच्या खालच्या मणक्याचं हाड पूर्ण पक्कं झालेलं नसतं. वाकून, वळून, एकाच बाजूने जोर द्यायचा आणि ते दिवसाला शंभर वेळा करायचं, यातून मणक्याच्या मागच्या कमानीत ताणाची भेग पडते. लक्षण ठरलेलं: मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला दुखणं, फ्लिकनंतर जास्त, विश्रांती घेतली की कमी. मुलं ते 'स्नायू दुखतोय' म्हणून दाबतात, मलम लावतात, खेळत राहतात. असं दुखणं दोन आठवडे टिकलं तर एमआरआय करून घ्यावा. साध्या एक्स-रेत सुरुवातीची भेग बहुतेकदा दिसत नाही. वेळेत सापडली तर साधारण तीन महिन्यांची विश्रांती आणि मग पायरीपायरीने परत. उशीर झाला तर वर्ष जातं, कधी कारकीर्दही.

किती फ्लिक माराव्यात? १८ खालच्या मुलांसाठी मी पूर्ण जोराच्या २५-३० च्या वर एका सत्रात जाऊ देणार नाही, आठवड्यात तीनच सत्रं, मध्ये एक दिवस मोकळा. सीनियरला ४०-६०. बाकी सराव निम्म्या जोराने, दिशेसाठी. आठवड्याचे आकडे वहीत लिहून ठेवा. अकादमीत, शाळेच्या संघात आणि जिल्हा शिबिरात असे तीन वेगवेगळे प्रशिक्षक आपापल्या ३० मारून घेतात आणि बेरीज कुणीच करत नाही. तिथेच घात होतो.

दुसरा धोक्याचा काळ म्हणजे राष्ट्रीय शिबिराचे पहिले सहा ते आठ आठवडे. अकादमीत एक सत्र करणारा मुलगा एकदम दिवसाला दोन सत्रं, वर जिम, वर योयो (धावून दमसास मोजायची) चाचणी यात पडतो. मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ तेव्हाच जाते. बोलावणं येण्याची शक्यता असेल तर दोन महिने आधीपासून भार वाढवायला घ्यावा, आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असलं की तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात आणि मुलीला 'दमसास नाही' असा शिक्का बसतो. पाळी दोन-तीन महिने बंद झाली तर ती खेळाची खूण समजून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय.

---

टर्फवरून

@सांधे_स्नायू, वहीत बेरीज ठेवण्याची सूचना प्रत्येक जिल्हा संघटनेने भिंतीवर लावावी. दंडवत.

---

सातारी_काठी

सगळी चर्चा मुलांवर चालली आहे, मुलींचं बोलू. आणि थोडं घरचं.

महिला हॉकी इंडिया लीगचा पहिला अंतिम सामना, रांची, २६ जानेवारी २०२५. ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबला २-१ ने हरवलं आणि दोन्ही गोल साताऱ्याच्या ऋतुजा पिसाळचे. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे फलटण तालुक्यातल्या. वैष्णवी हांगझोऊ एशियाडच्या कांस्यविजेत्या संघात होती. एका जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून तीन मुली इथवर आल्या, तर त्यामागे शाळेच्या मैदानावर राबणारे शिक्षक आणि क्रीडा प्रबोधिनीसारखी निवासी व्यवस्था आहे.

पण या वाटेवर एक जागा अशी आहे जिथे पुष्कळ मुली गळतात: मातीवरून टर्फवर (कृत्रिम गवतावर) जाणं. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून मुलगी काठी उभी धरून, थोडी मागे राहून चेंडू घेते. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून दुप्पट घाईने येतो. तिथे गुडघे वाकवून, काठी पुढे तिरकी टेकवून, डावा हात सैल ठेवून चेंडू गिळावा लागतो. हातांमधलं अंतरही बदलतं. १२-१३ व्या वर्षी टर्फ मिळालं तर ही सवय सहा महिन्यांत लागते. १७ व्या वर्षी मिळालं तर दोन वर्षं जातात, आणि निवड नेमकी त्याच दोन वर्षांत होते. पुण्यात बालेवाडी आणि पिंपरीचं नेहरूनगर, मुंबईत चर्चगेट, कोल्हापूरचं ध्यानचंद मैदान सोडलं तर खेड्यातल्या मुलीला टर्फ रोजच्या आवाक्यात नाही. शाळांनी महिन्यातून चार दिवस तरी बस करून टर्फवर न्यावं आणि त्या दिवशी सामना न खेळवता फक्त चेंडू घेणं आणि पहिला पास एवढंच करून घ्यावं.

---

कोल्हापूर_पालक

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक प्रश्न. १४-१५ वर्षांचा मुलगा आपल्या वयोगटात सगळ्यांपेक्षा सरस असेल, तर तो वर टिकेल की नाही हे पालकांना कशावरून कळावं? गोल मोजून तर कळत नाही असं दिसतंय.

---

डावा_हाफ

@कोल्हापूर_पालक, प्रश्न नेमका आहे. आधी शरीर बाजूला काढा. त्या वयात लवकर वाढलेला मुलगा उंची-ताकदीवर जिंकतो. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांना वयोगटात तसाही वर्षभराचा फायदा. १८ ला सगळे त्याच्या उंचीला येतात आणि तोपर्यंत त्याने वळणं, फसवणं, लवकर पास देणं शिकलेलंच नसतं, कारण गरज पडली नाही. म्हणून त्याला आठवड्यातून एकदा तरी तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलांत खेळवा. तिथे तो काय करतो ते बघा.

मैदानाबाहेर वही घेऊन बसा आणि एका सामन्यात फक्त हे लिहा.

कुणी अंगावर आलेलं असताना चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला आणि किती वेळा स्वच्छ थांबला. मोठ्यांच्या सामन्यात दहापैकी सात-आठ असेल तर चांगलं.

चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून मागे बघितलं का. हे फार थोडी मुलं करतात आणि वर टिकणारी जवळजवळ सगळीच करतात. सीनियर सामन्यात चेंडू घेतल्यावर सेकंदाभरात पहिला माणूस अंगावर असतो, तेव्हा बघायला वेळ नसतो.

किती स्पर्शांत चेंडू सोडला. आपल्या मुलांची जुनी सवय म्हणजे दोन स्पर्श जास्त. ते दोन स्पर्श शालेय सामन्यात टाळ्या मिळवतात आणि प्रो लीगमध्ये उलटा हल्ला ओढवून घेतात.

चेंडू गमावल्यावर पहिले पाच सेकंद काय केलं. थांबला, हात वर केले, की मागे धावला?

---

कॉर्नर_नं_१

यात आघाडीपटूसाठी एक भर. तो डीत शिरल्यावर गोलवरच मारतो का, की बचावपटूच्या पायावर चेंडू घालून कॉर्नर कमावतो, हे बघा. घट्ट सामन्यात मैदानी गोलाची संधी दोन-तीनदाच येते, कॉर्नर कमावणारा मुलगा संघाला हवाच असतो. डी गोलपासून १४.६३ मीटरवर सुरू होते. तिच्या कडेला काठी खाली ठेवून बेसलाइनकडे (गोलच्या बाजूच्या सीमारेषेकडे) घुसणाऱ्याला अडवताना बचावपटूचा पाय हमखास मध्ये येतो. मनदीप हे वर्षानुवर्षं करत आला आहे.

---

खडकी_मैदान

पोटापाण्याचंही बोलायला हवं, कारण 'व्यावसायिक' म्हणजे शेवटी तेच.

लीगच्या ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, अभिषेकला ७२, हार्दिकला ७०. ठळक बातम्या या आकड्यांच्या झाल्या. मूळ किमतीचे गट १०, ५ आणि २ लाखांचे होते आणि नवख्या मुलांसाठी खरा आकडा त्या खालच्या टोकाजवळचा. तोही वर्षातून एकदा, करार टिकला तर. त्यावर घर चालत नाही. आधार आहे तो नोकरीचा: रेल्वे, सेनादल, पेट्रोलियम कंपन्या, बँका, पोलीस.

पालकांना एकच सांगणं. १९-२० व्या वर्षी नोकरीचे दोन पर्याय आले तर पगारासोबत तीन गोष्टी विचारा. त्या विभागाचा संघ वर्षात किती स्पर्धा खेळतो? त्या जागेवर, समजा लेफ्ट हाफला, आधीच कोणी आंतरराष्ट्रीय खेळाडू बसलाय का? राष्ट्रीय शिबिरासाठी रजा लेखी मिळते का? मोठ्या नावाच्या संघात बाकावर तीन वर्षं काढणारी मुलं २३ व्या वर्षी निवड समितीच्या नजरेआड झालेली असतात. आणि शिक्षण सोडू नका. १८ जणांतले निदान दहा-बारा ऑलिंपिकपर्यंत जाणार नाहीत हे गणित पहिल्याच प्रतिसादांत मांडलंय.

---

रिव्हर्सस्टिक

चर्चेनंतर माझा 'चार-पाच नक्की' हा अंदाज जागांनुसार मांडतो, म्हणजे २०२८ ला धागा वर काढून तपासता येईल.

आघाडीत दोन. अराइजीतला संधी सर्वात जास्त. तो आणि शारदानंद २०२१ पासून कनिष्ठ विश्वचषक खेळत आलेत, मोठ्या स्पर्धेचं दडपण त्यांना नवं नाही. दुसऱ्या जागेसाठी गुरजोत, दिलराज, अर्शदीप यांच्यात चुरस. मधल्या फळीत मनप्रीतची जागा रिकामी होईल, पण तिथे सीनियर संघातच हार्दिक, विवेक, राजकुमार पाल बसलेत. मनमीत किंवा अंकित पालला प्रो लीगमध्ये निदान दोन हंगाम सलग मिळाले तर एक. बचावात शारदानंद किंवा रोहित यांपैकी एक, आणि तोही फ्लिकपेक्षा टॅकलवर ठरेल. गोलरक्षक शून्य, २०३२ साठी एक.

---

पॅड_आणि_किकर

@रिव्हर्सस्टिक, मान्य, एक बदल सोडून. ऑगस्ट २०२६ चा बेल्जियम-नेदरलँड्समधला विश्वचषक आणि लगेच त्यानंतरचं आइची-नागोया एशियाड, इतक्या जवळच्या दोन स्पर्धांत दुखापती होतात आणि तिसऱ्या गोलरक्षकाला अचानक बोलावणं येतं. प्रिन्सदीपने २०२६ च्या आत देशांतर्गत स्पर्धांत पूर्ण ६० मिनिटांचे वीसेक सामने खेळून ठेवले, तर तुमचं शून्य बदलू शकतं. डाव्या किकरवर मात्र आजपासून काम हवं. बाजूच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून रोज ५० चेंडू फक्त डाव्याने.